पोनीच्या तोंडात किती लोखंड?

ब्रिटनमधल्या घोड्यांच्या प्रदर्शनांत देशी पोनींचा वर्ग लागतो तेव्हा नैसर्गिकपणाचा मोठा बडेजाव असतो. इतर वर्गांतल्या घोड्यांच्या अयाळीच्या बारीक वेण्या घालून त्या सुईदोऱ्याने पक्क्या करतात. इथे वेणी वर्ज्य. हायलंड, फेल किंवा डेल्स पोनीच्या पायांवरचे लांब केस कुणी कात्रीने छाटले तर जाणकार नाक मुरडतात. शेपूट मोकळी हवी. कपाळपट्टीला रंगीत फीत नको, साधं चामडं हवं. डोंगरात, माळावर, ओल्या वाऱ्यात शतकानुशतकं तगलेलं हे तट्टू जसं आहे तसंच दिसलं पाहिजे, असा सगळा आग्रह. आणि मग त्याच तट्टाच्या ओठाचा कोपरा जरा उचलून पाहावा, तर आत धातूचे दोन आडवे दांडे, बाजूला उभ्या दांड्या आणि हनुवटीखाली साखळी. बाहेर निसर्ग, आत लोहारकाम.

माझं म्हणणं सरळ आहे. रिंगणात मिरवायला एक बिट आणि उड्या मारायला दुसरं, त्याहून कडक, ही इथली रीत चुकीची आहे. ज्या तट्टाला साध्या स्नॅफलमध्ये रिंगणात नीट चालता येत नाही आणि त्याच स्नॅफलमध्ये अडथळे ओलांडता येत नाहीत, ते तट्टू अजून तयार झालेलं नाही. किंवा त्याच्या पाठीवरचा स्वार तयार झालेला नाही. ही उणीव लोखंडाने झाकायला नियमांनी मोकळीक दिली आहे, दुकानांनी सोय केली आहे आणि परीक्षकांच्या नजरेने प्रतिष्ठा दिली आहे. तिघांशीही माझं भांडण आहे, पण सगळ्यांत जास्त तिसऱ्याशी.

आधी थोडी ओळख. बिट म्हणजे लगामाचा तोंडात जाणारा भाग. मराठीत बोलताना आपण सगळ्याच सरंजामाला लगाम म्हणून मोकळे होतो, आणि आपली भाषा लगामावर फार विश्वासून असते. मोकाट सुटलेला माणूस बेलगाम, खर्चाला लगाम, महागाईला लगाम. लगाम ओढला की घोडा थांबतो, यात मराठीला तिळमात्र शंका नाही. त्यातल्या त्यात 'जिभेला लगाम घाल' हे आपण शरीररचनेच्या दृष्टीने अगदी अचूक बोलतो, कारण बिट सगळ्यांत आधी टेकतं ते जिभेवरच.

देशी पोनी म्हणजे एक्समूर, डार्टमूर, न्यू फॉरेस्ट, फेल, डेल्स, हायलंड, शेटलंड, एरिस्के, वेल्शचे चार प्रकार आणि आयर्लंडचा कॉनेमारा. 42 इंचांच्या आतल्या शेटलंडपासून 58 इंचांपर्यंतच्या हायलंड-कॉनेमारापर्यंत. यांना प्रदर्शनात नुसतं चालवून दाखवण्याचे वर्ग असतात, आणि 'वर्किंग हंटर' नावाचा एक वर्ग असतो ज्यात दोन्ही कामं येतात: आधी ओंडके, झुडपं, फाटकं यांच्यावरून उड्या, मग त्यातून तरलेल्यांची चाल, बांधा आणि वागणूक यांची तपासणी. म्हणजे एकाच तट्टाला एकाच दिवशी धाडसीही असायचं आणि सभ्यही. 'याला कुठलं बिट घालू?' हा प्रश्न इथे जन्माला येतो, आणि माझ्या मुलीच्या निमित्ताने गेली काही वर्षं रिंगणाच्या कडेला चिखलात उभं राहून हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की आता तो प्रश्नच मला संशयास्पद वाटायला लागला आहे. 'याला कसं शिकवू?' असं विचारणारे त्या मानाने फार कमी.

तोंडात नेमकं काय घडतं ते बघू. घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मध्ये खालच्या जबड्यावर दात नसलेली एक मोकळी जागा असते. माणसाने घोड्यावर स्वारी केली ती या जागेच्या जोरावर, असं म्हटलं तरी चालेल. पण मोकळी म्हणजे रिकामी नव्हे. तिथे जबड्याच्या हाडाची धार अगदी पातळ त्वचेखाली असते. आपल्या नडगीच्या हाडावरून बोट फिरवून पाहा, साधारण तसा प्रकार. दोन्ही बाजूंच्या धारांमध्ये जीभ, वर टाळू, बाजूला ओठांचे कोपरे. हिलरी क्लेटन या पशुवैद्यक संशोधिकेने तोंडातल्या बिटाचा क्ष-किरणांनी अभ्यास केला, तेव्हापासून एक गोष्ट वारंवार सांगितली जाते: मिटलेल्या तोंडात बिटासाठी वेगळी अशी जागा शिल्लक नसते. जीभ जवळजवळ सगळी पोकळी व्यापते; बिट जिभेला दाबूनच आपली जागा करून घेतं. आता यात देशी पोनीचा विचार करा. डोकं आखूड, जीभ मांसल, ओठ जाड, आणि तोंड लहान. या तोंडात 'मऊ पडेल' म्हणून अंगठ्याएवढं जाड बिट घालणारे दयाळू लोक असतात. जाड बिट मऊ असतं हा समज मोठ्या घोड्यांच्या बाबतीतही अर्धाच खरा आहे. पोनीच्या बाबतीत तो तोंडात बूच बसवण्याचा प्रकार आहे.

स्नॅफल हे सगळ्यांत साधं. बिटाच्या दोन टोकांना कड्या, कड्यांना लगामाच्या वाद्या. हाताने जितकं ओढलं तितकंच तोंडाला लागतं. तरफ नाही, गुणाकार नाही. पेल्हममध्ये बिटाच्या बाजूंना उभ्या दांड्या येतात. खालच्या टोकाची वादी ओढली की दांडी फिरते, हनुवटीमागची साखळी आवळते, वरचं टोक पुढे झुकून कानांमागच्या माथ्यावर दाब देतं, आणि जबडा बिट आणि साखळी यांच्यामध्ये सांडशीत धरल्यासारखा सापडतो. पेल्हमला खरं तर दोन जोड वाद्या असतात: वरची स्नॅफलसारखी, खालची तरफेची, शिकलेल्या हाताने खालची बहुतेक वेळ सैल ठेवायची. पण लहान मुलांच्या हातांत दोन जोड मावत नाहीत म्हणून दोन्ही कड्यांना चामड्याचा एक तुकडा जोडून त्याला एकच वादी लावतात. म्हणजे पेल्हममधला जो काही विवेक होता तो काढून टाकायचा आणि नुसती तरफ ठेवायची. बकिंगहॅमशरमधल्या एका खेड्याचं नाव मिळालेलं किंबलविक हे त्याच कुटुंबातलं: एक वादी, आखूड तरफ, साखळी. लहान मुलांच्या हातून सुटून पळणाऱ्या पोनींसाठी ते दुकानदारांचं लाडकं औषध आहे.

आणि दुहेरी लगाम, ज्याला इथे नुसतं 'डबल' म्हणतात. दोन बिटं, दोन जोड वाद्या. हा उच्च शिक्षणाचा लगाम. वर्षानुवर्षं घडवलेल्या घोड्याला वर्षानुवर्षं घडवलेल्या स्वाराने करंगळीच्या हालचालीने सूक्ष्म सूचना द्यावी, यासाठी तो आहे, आणि त्या जागी तो शोभतो. त्या परंपरेबद्दल मला आदर आहे. म्हणूनच राग येतो. अकरा वर्षांच्या मुलीने 48 इंची वेल्श पोनीच्या तोंडात दोन लोखंडं ठेवून गोल-गोल फिरणं हा त्या परंपरेचा विस्तार नाही. लग्नात पाच वर्षांच्या पोराला फेटा बांधून तलवार देतात तसला प्रकार आहे. फरक एवढाच की पोराच्या तलवारीला धार नसते.

नियम काय म्हणतात? लहान मुलांच्या पहिल्यावहिल्या स्वारीच्या वर्गांत आणि नवशिक्या पोनींच्या वर्गांत स्नॅफलच सक्तीचं असतं. खुल्या वर्गात मोकळीक: कुठलाही योग्य लगाम चालेल. कागदावर यात काही वावगं नाही. पण रिंगणात या मोकळिकीचा अर्थ बढती असा झाला आहे. स्नॅफल म्हणजे बालवाडी. खुल्या वर्गात आलात की पेल्हम किंवा डबल घालून यावं, असा संकेत. स्नॅफलमध्ये आलेल्या पोनीला कुणी बाद करत नाही. फक्त कडेला उभे असलेले लोक म्हणतात, "अजून कच्चा दिसतोय." खरं तर उलट म्हणायला हवं. ज्या कामासाठी दुसऱ्याला दोन लोखंडं लागतात ते काम एकाच साध्या दांड्यावर करून दाखवणारा पोनी अधिक शिकलेला नाही का? हार्मोनियमचा आधार न घेता सुरात गाणाऱ्याला आपण कच्चा म्हणत नाही.

डबलचे समर्थक म्हणतील की दुहेरी लगामात मान कशी कमानदार होते, चेहरा कसा उभ्या रेषेत येतो, चित्र कसं पुरं होतं. चित्र पुरं होतं हे खरं. पण कमान दोन प्रकारे येते. मागचे पाय पोटाखाली घेऊन, पाठ वर उचलून, हळूहळू बळ कमावून जी येते तिला महिने लागतात. माथा दाबून आणि जबडा आवळून जी येते तिला शनिवारची सकाळ पुरते. कुंपणाबाहेरून दोन्ही सारख्या दिसतात. परीक्षकाला मात्र फरक दिसायला हवा. त्यासाठीच त्याला रिंगणाच्या मध्यभागी उभं केलेलं असतं.

'ब्लॅक ब्यूटी' हे ॲना स्यूवेलचं पुस्तक 1877 सालचं. मुलांचं पुस्तक म्हणून आपण ते वाचतो, पण मुळात ते मोठ्यांच्या एका फॅशनवरचा हल्ला होतं. बग्गीच्या घोड्यांची मान सतत ताठ, उंच राहावी म्हणून त्या काळी एक वादी आवळून बांधत. घोडा चढ चढताना मान खाली घालू शकत नसे, त्याचा श्वास कोंडे. तीही सभ्य लोकांची पद्धत होती, तिलाही चित्र पुरं करायचं असे. घोडे थांबवायला त्या वादीचा काडीचा उपयोग नव्हता. ती फक्त दिसण्यासाठी होती. ती हटली याला अनेक कारणं होती, पण एक कारण हे की ती वापरण्याची हळूहळू लाज वाटू लागली. आजच्या रिंगणात मला हवी आहे ती हीच लाज.

आता उड्यांकडे. इथे दिसण्याचा मुद्दा नाही. इथे भीती आहे, आणि भीती जास्त प्रामाणिक असते. पोनी अडथळ्याकडे सुसाट धावतो, पोरगी थांबवू शकत नाही, आईबापांच्या पोटात गोळा येतो. मग शिडी सुरू होते. स्नॅफल चालेना, किंबलविक घ्या. किंबलविकने आठवडाभर गुण आला, मग पोनी त्यालाही निर्ढावला, पेल्हम घ्या. पेल्हमनंतर तीन कड्यांचं गॅग. मी एका दुकानात भिंतभर टांगलेली ही शिडी पाहिली आहे. विक्रेत्याने एकदाही विचारलं नाही की पोनी राहतो कुठे, खातो काय, आठवड्यातून किती दिवस चालवला जातो, आणि शेवटचे दात कधी तपासले होते.

तीन कड्यांच्या गॅगबद्दल जरा सविस्तर बोललं पाहिजे, कारण उड्यांच्या मैदानावर ते आता शाळेच्या दप्तरासारखं सर्रास झालं आहे. लगामाचा वरचा पट्टा वरच्या कडीला, वादी सगळ्यांत खालच्या कडीला. ओढलं की बिट ओठांच्या कोपऱ्यांत वर सरकतं आणि त्याच क्षणी कानांमागचा पट्टा माथ्याला खाली दाबतो. तोंड सांगतं मान वर घे, माथा सांगतो मान खाली घे. ज्या प्राण्याला आपण 'अडेल' म्हणून नावं ठेवतो त्याला आपण एकाच वेळी दोन विरुद्ध आज्ञा देतो आणि त्याने गोंधळून तिसरंच काही केलं की आणखी ओढतो. याला साधन म्हणण्यापेक्षा सरकारी परिपत्रक म्हणणं योग्य होईल.

आणि उडी म्हणजे काय? घोड्याच्या नजरेचा घेर प्रचंड मोठा असला तरी कपाळाच्या अगदी समोरचा भाग त्याला दिसत नाही. अडथळा नीट मापायला त्याला डोकं हलवावं लागतं, अंतर जोखावं लागतं. हवेत गेल्यावर मान पुढे आणि खाली लांबवून तो पाठ गोल करतो, तोल सावरतो. या सगळ्यात स्वाराच्या हाताचं काम एकच: वाटेत न येणं. लहान मूल उडीच्या वेळी मागे राहतं, तोल जातो, आणि ते वाद्यांना लटकतं. हे होणारच; शिकताना प्रत्येक जण लटकतो. स्नॅफल असेल तर पोनीच्या तोंडाला हिसका बसतो. पेल्हम असेल तर त्याच हिसक्याचा गुणाकार होऊन साखळी जबड्यात रुतते, तेही नेमकं त्याने सांगितलेलं काम केल्याच्या क्षणी. असं दोनदा सोसून घेणारे पोनी पुष्कळ आहेत. तिसऱ्यांदा तो थांबतो. मग त्याला छडी बसते.

घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडलं, हे कोडं प्रत्येक मराठी घरात कुणी ना कुणी घातलेलं असतं. उत्तर एकच, 'न फिरवल्यामुळे'. पिढ्यान्‌पिढ्या आपण हे कोडं भाकरीसाठी ऐकत आलो, पण त्यातला घोड्याचा भाग अक्षरशः खरा आहे. अडलेल्या घोड्याचं उत्तर लगामात शोधा असं त्या कोड्यात कुठेच नाही. फिरवणं म्हणजे इथल्या भाषेत 'फ्लॅटवर्क': अडथळ्याविना मैदानात वर्तुळं, चाल बदलणं, थांबणं, पुन्हा निघणं, वळताना आतला पाय ओळखणं. कंटाळवाणं काम. त्याची चित्रफीत कुणी काढत नाही. पण जो पोनी सपाट जमिनीवर स्वाराच्या नुसत्या बैठकीच्या बदलाने संथ होतो, तो अडथळ्याकडेही संथ जाईल. आणि जो सपाट जमिनीवर होत नाही, त्याला उडीच्या तीन पावलं आधी लोखंडाने शिकवणं म्हणजे परीक्षेच्या दारात पोराला कान पिळून पाढे पाठ करायला लावणं.

पळणाऱ्या पोनीमागे बिटाशी संबंध नसलेली कारणंच अधिक असतात. खोगीर खांद्यात टोचतं म्हणून तो दुखण्यापासून पळतो. दाढांच्या कडा वाढून गाल सोलतात. आणि खाणं! एक्समूरच्या माळावरचं काटक गवत आणि हिवाळ्यातली उपासमार यांवर घडलेल्या या जनावरांना आपण शेतातल्या गोड, हिरव्यागार गवतात सोडतो, वर रिंगणासाठी भरडा चारतो, थंडीत गोधडी पांघरतो, आणि दिवसातले वीस तास कोंडून ठेवतो. मग शनिवारी तो 'तोंडाचा घट्ट' निघतो. (लठ्ठपणाला इथल्या रिंगणात कौतुकाने 'कंडिशन' म्हणतात. त्या लठ्ठपणातून खुरांचा दाह होऊन किती पोनी लंगडे होतात, हा स्वतंत्र भांडणाचा विषय आहे.)

इथे एक वाक्य हमखास येतं: बिट कडक नसतं, हात कडक असतो. हलक्या हातातलं पेल्हम हे खेचणाऱ्या हातातल्या स्नॅफलपेक्षा बरं. वाक्य खरं आहे आणि निरुपयोगी आहे. कारण पेल्हम विकत घेणारा माणूस ते हलक्या हातासाठी घेत नाही. स्नॅफल खेचून दमलेला असतो म्हणूनच तो दुकानात आलेला असतो. ज्याचा हात हलका आहे त्याला बहुधा गरज नाही आणि ज्याला गरज वाटते त्याचा हात हलका नाही. झेनोफन या ग्रीक सेनानीने सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी घोडेस्वारीवर लिहिताना दोन बिटं ठेवायला सांगितली: एक गुळगुळीत, एक खरखरीत, काटेरी, खरखरीताचा अनुभव आला की घोडा गुळगुळीतावर खूश राहील. निदान त्याची शिडी उतरणीची होती. कडक बिट कायमचं वापरायचं नाही, त्याची आठवण पुरेशी असावी, एवढं तरी त्यात होतं. आपली शिडी फक्त वर जाते.

हातांचा युक्तिवाद करणाऱ्यांनी तोंडं उघडून बघावीत. फिनलंडमध्ये काटी तुओमोला आणि सहकाऱ्यांनी शर्यतीतून आलेल्या 261 घोड्यांची तोंडं धावण्यानंतर लगेच तपासली. 84 टक्क्यांच्या तोंडात बिटाच्या जागी ताज्या जखमा होत्या. बाहेरून रक्त दिसलं ते मोजक्यांच्याच. क्रॉस-कंट्रीच्या उड्या मारून आलेल्या 208 घोड्यांत हे प्रमाण 52 टक्के निघालं. हे शर्यतीचे आणि मोठ्या स्पर्धांचे घोडे होते, रविवारच्या प्रदर्शनातली पोनी नव्हेत, हे मी विसरलेलो नाही. पण यातला मुद्दा प्रमाणाचा कमी आणि दिसण्याचा जास्त आहे. त्या घोड्यांच्या मालकांना आपण क्रूर आहोत असं वाटत नव्हतं. त्यांना काही दिसतच नव्हतं. जखमा आत असतात. घोडा कुत्र्यासारखा केकाटत नाही. तो डोकं झटकतो, जीभ बाहेर काढतो, तोंड उघडतो. आणि तोंड उघडलं की आपण नाकपट्टी एक छिद्र आवळतो, म्हणजे तक्रारही बंद.

सुरक्षिततेचा आक्षेप मात्र झटकून टाकता येणार नाही. नऊ वर्षांचं मूल, रस्त्याच्या बाजूचं मैदान, उधळलेला वेल्श कॉब. अशा वेळी मुलाच्या हातात थांबवण्याचं साधन हवं, आणि आई म्हणत असेल की आज याला किंबलविक घालते, तर मी तिच्याशी तत्त्वचर्चा करणार नाही. पण त्या दिवशी दुसरा प्रश्नही विचारीन: ते मूल आज त्या पोनीवर का आहे? दुखण्यामुळे थांबणारा घोडा एक दिवस दुखण्यामुळेच उधळतो, आणि तेव्हा पुढची पायरी उरलेली नसते. पट्टी बांधून पळवता येतं म्हणून मोडका पाय बरा झाला असं कुणी म्हणत नाही. उधळणाऱ्या पोनीला जाणत्या स्वाराकडे सहा महिने द्यावं आणि मुलाला तोवर म्हाताऱ्या, आळशी, सगळ्यांनी नाकारलेल्या पोनीवर बसवावं. बक्षिसं मिळणार नाहीत. अडचण तिथेच आहे.

आणखी एक आक्षेप मराठी वाचकाच्या मनात एव्हाना आला असेल. आपल्याकडे वरातीच्या घोड्याच्या तोंडात काटे बसवलेला लगाम असतो. तिकडच्या गुबगुबीत पोनीच्या साखळीचं काय घेऊन बसलात? काटेरी लगामावर भारतात 1965 च्या नियमांपासून बंदी आहे, आणि ती बंदी बँडबाजाच्या आवाजात कुणाला ऐकू येत नाही, हे खरंच. ते भयंकर आहे. पण वरातीचा घोडेवाला निदान काटे हे सुसंस्कृतपणाचं लक्षण म्हणून मिरवत नाही. तो पोटासाठी करतो, लपवून करतो. इथे शिकलेली, सुखवस्तू, प्राण्यांवर मनापासून प्रेम करणारी माणसं जबड्याखालच्या साखळीला 'पोशाख' म्हणतात आणि तिच्यासकट पोनीला फीत लावतात. काट्यांना निदान काटे म्हणता येतं.

मग निवडायचं कसं? मोजून. तोंडाची रुंदी ओठांच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत. बिट त्याहून दोन्ही बाजूंना जेमतेम बोटाच्या अर्ध्या पेराइतकं बाहेर. फार रुंद असेल तर ते सरकत राहतं आणि मधला सांधा एका बाजूला येऊन जबड्याच्या धारेवर आपटतो. अरुंद असेल तर ओठ चिमटतात. जाडी मध्यम. फिनलंडच्या त्याच उड्यांवाल्या अभ्यासात मधल्या जाडीच्या बिटांपेक्षा अगदी बारीक आणि अगदी जाड अशा दोन्ही टोकांशी गंभीर जखमांचं प्रमाण जास्त आढळलं होतं. मांसल जिभेच्या पोनीला एकाच सांध्याच्या बिटापेक्षा मधोमध गोलसर मणी असलेलं, दोन सांध्यांचं स्नॅफल बहुधा मानवतं. काहींना बिनसांध्याचं, जिभेसाठी हलकी कमान दिलेलं. मणी गोल हवा. मधली पट्टी चपटी आणि तिरकी असेल तर तिची कड जिभेत रुतते, आणि दुकानात दोन्ही एकाच खिळ्याला टांगलेली असतात. सैल कड्यांनी पोनी अस्वस्थ होत असेल तर स्थिर कड्यांचं घ्यावं. धातूच्या नावांना फार भुलू नये. तांब्याचा मुलामा दिल्याने ओढणारा हात सुधारत नाही. नाकपट्टीखाली नाकाच्या हाडावर दोन बोटं शिरली पाहिजेत. आणि हे सगळं ठरवण्याआधी दातांचा वैद्य.

एवढं करून जे बिट ठरेल ते दोन्हींसाठी. तेच घालून अडथळे, तेच घालून परीक्षकांपुढे. ज्या आठवड्यात त्यात अडथळे जमत नाहीत त्या आठवड्यात अडथळे नाहीत.

हे आदर्शवादी वाटेल, कारण बक्षीस देणारा माणूस बदलल्याशिवाय हे होणार नाही. एकदा का मोठ्या प्रदर्शनांत, बर्मिंगहॅमच्या 'हॉर्स ऑफ द इयर शो'च्या अंतिम फेरीत किंवा डिसेंबरमधल्या लंडनच्या प्रदर्शनात, साध्या स्नॅफलमधला पोनी वरचेवर पहिला येऊ लागला की दुकानांच्या भिंती आपोआप बदलतील. तिथे जिंकलं की पुढच्या हंगामात गावोगावच्या रिंगणांत त्याचीच नक्कल होते, आणि गेली कित्येक वर्षं नक्कल होते ती साखळीची. यातल्या एरिस्के, डेल्स, फेल, एक्समूर अशा काही जाती संख्येने इतक्या कमी आहेत की त्यांची नावं दुर्मीळ प्राण्यांच्या याद्यांत असतात. मुलांनी बसण्याजोगे, विश्वासाचे पोनी म्हणून त्यांना मागणी राहिली तरच त्या टिकतील. आपण मात्र 'फार ताकदीचे असतात हो, पेल्हमशिवाय ऐकत नाहीत' अशी त्यांची ख्याती करून ठेवली आहे.

परीक्षकांना नवा कायदा नको, फार वेळही नको. पोनी समोर उभा केला की ते त्याच्या पायांवरून हात फिरवतात, खूर बघतात, दोन पावलं मागे सरून बांधा न्याहाळतात, पाठीवरून नजर फिरवतात. त्याच वेळी अंगठ्याने ओठाचा एक कोपरा वर करावा, साखळीखालची कातडी बघावी, नाकपट्टीत दोन बोटं घालून पाहावीत. तीस सेकंद. आणि त्यात जे दिसेल त्याचे गुण, वेण्या न घातलेल्या अयाळीला देतात तसे, कागदावर मांडावेत.